मत्स्यालयाचा दिवस ठरवणारी पेटी
एलईडी दिव्यांचा नियंत्रक घरच्या घरी

घरात मत्स्यालय आणताना टाकीचा आकार, माशांच्या जाती, फिल्टर, रेती यांचा विचार बहुतेक जण करतात. दिव्याचा विचार मात्र दुकानदारावर सोपवला जातो. झाकणात बसवलेली एलईडीची पट्टी आणि तिच्या वायरवरचे एक बटण, एवढ्यावर ते प्रकरण मिटते. पुढे काही आठवड्यांत काचेवर हिरवट थर चढू लागतो, पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे शेवाळ धरते आणि मग औषधांच्या बाटल्यांची खरेदी सुरू होते. दोष पुष्कळदा त्या बटणात असतो. सकाळच्या घाईत दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. पाहुणे आले तर तो रात्री साडेअकरापर्यंत चालू राहतो. कुटुंब गावाला गेले की टाकी चार दिवस अंधारात असते. नदीतल्या जीवांना रोज ठरलेल्या वेळी उजाडते आणि मावळते. काचेच्या पेटीतल्या जीवांचा सूर्य मात्र घरच्या माणसांच्या सवडीने उगवतो.

हा सूर्य ठरल्या वेळी उगवावा, हळूहळू चढावा आणि तसाच उतरावा, यासाठी जे उपकरण लागते त्याला नियंत्रक म्हणतात. तयार नियंत्रक बाजारात मिळतात. चांगले असतात ते महाग असतात आणि स्वस्तातले अनेक वीज गेली की वेळ विसरतात. हातात सोल्डरिंगची इस्त्री धरण्याची सवय असलेल्या माणसाला तो घरी बनवणे अवघड नाही. दोन-तीन सुट्ट्यांचे हे काम आहे. मात्र ते करताना दिवा किती सुंदर उजळतो, यापेक्षा काही बिघडले तर तो काय करतो, याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कारण बिघाडाच्या वेळी घरात कोणी नसेल तर त्याचे परिणाम टाकीतल्या जीवांना भोगावे लागतात.

एकदम उजाडू नये

माशांना आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या नसतात. शिवाय बहुतेक माशांच्या डोळ्यातील बाहुली उजेड वाढला म्हणून आपल्यासारखी चटकन लहान होत नाही. त्यांच्या दृष्टिपटलातील पेशी आणि रंगद्रव्य आपली जागा बदलून उजेडाशी जुळवून घेतात आणि या हालचालीला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. काळोख्या खोलीत टाकीवरचा दिवा एकाएकी लागला की निऑन टेट्रांचा थवा काचेवर का धडकतो, याचे कारण येथे सापडते. झाकण नसलेल्या टाकीतून अशा वेळी मासे बाहेरही उडतात. दिवा पाऊण तास ते तासभर मंदपणे चढत गेला तर ही धावपळ होत नाही.

वनस्पतींची गरज थोडी वेगळी आहे. त्यांना उजेड चढण्या-उतरण्याचे फारसे कौतुक नाही, पण एकूण तासांचे आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. पांढऱ्या एलईडीत मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातील काही प्रकाशाचे रूपांतर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या प्रकाशात करतो. ही किमया ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाली, तिच्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. साध्या शुभ्र पांढऱ्या, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासच्या पट्टीवर वॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा फर्न, अनुबियास या वनस्पती उत्तम वाढतात. केवळ लाल आणि निळे दिवे असलेल्या जांभळट पट्ट्या वनस्पतींसाठी खास म्हणून विकल्या जातात. त्यांवरही वनस्पती वाढतात, पण त्या उजेडात मासे आणि पाने दोन्ही आजारी दिसतात. दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तूला हा दोष क्षम्य नाही.

तास किती ठेवावेत? मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणून टाकीलाही १२ तास उजेड द्यावा, असा युक्तिवाद नवखे लोक करतात. पण ओढ्याकाठच्या झाडांची सावली, पाण्यातील गढूळपणा, ढगाळ दिवस यांचा हिशेब त्यात नसतो. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती मूळच्या आहेत आणि ही पाने काठच्या सावलीतही समाधानाने जगतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड आणि अन्नद्रव्ये बेताची असतात. ती संपली की उरलेल्या उजेडाचा फायदा शेवाळ उठवते. नव्या टाकीसाठी ६ तास आणि रुळलेल्या टाकीसाठी ८ तास पुरेसे आहेत. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर तेही या हिशेबात धरावे लागते.

हे आठ तास कोणते असावेत, हे नोकरदार कुटुंबाने आपल्या सोयीने ठरवावे. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ असा दिवस ठेवला तर मासे पाहायला घरात कोणीच नसते. दुपारी २ ते रात्री १० ही वेळ माशांना तितकीच चालते आणि संध्याकाळी घरी परतलेल्या माणसांनाही टाकी उजळलेली मिळते.

साहित्य

उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घेऊ. तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. अशा टाकीसाठी १२ व्होल्टची ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी सोयीची. ती मीटरला साधारण १४.४ वॉट वीज घेते आणि दर ५ सेंटिमीटरला, म्हणजे तीन-तीन एलईडींच्या गटावर, कापता येते. ५५ सेंटिमीटरचे चार तुकडे केले तर एकूण भार सुमारे ३२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला २.६ अँपिअरच्या जवळपास येतो. तीन तुकडे शुभ्र पांढरे आणि एक उबदार पिवळसर घ्यावा. पहाटे आणि सायंकाळी पिवळसर पट्टी आधी उजळली आणि शेवटी मावळली की प्रसंग बराच खरा वाटतो. वीजपुरवठ्यासाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा बंद खोक्यातला, बीआयएस नोंदणीचे चिन्ह असलेला अडॅप्टर घ्यावा. भारापेक्षा जवळपास दुप्पट क्षमतेचा अडॅप्टर थंड राहतो.

नियंत्रकाचा मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो हे छोटे बोर्ड पुरे. २००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सुरू झालेल्या या घराण्याने हौशी मंडळींचे काम फार सोपे केले. नॅनोवरील एटीमेगा ३२८ ही चिप १६ मेगाहर्ट्झने चालते. तिच्या जोडीला डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, दोन मॉस्फेट, थोडे रेझिस्टर, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे बक कन्व्हर्टर, एक ४ अँपिअरचा फ्यूज, एक दाबायचे बटण आणि एक लहान लाल एलईडी लागते. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सारे एका फेरीत मिळते.

यातल्या दोन वस्तू घेताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. पहिली वस्तू मॉस्फेट. आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट सर्रास दिला जातो. पण तो पुरता उघडण्यासाठी त्याच्या गेटला १० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. नॅनो फक्त ५ व्होल्ट देऊ शकते. अर्धवट उघडलेला मॉस्फेट विजेला अडवतो आणि तापतो. येथे आयआरएलझेड४४एन हवा. नावात फरक एका अक्षराचा असला तरी हा ५ व्होल्टला नीट उघडतो. तेव्हा त्याचा रोध सुमारे ०.०२५ ओहम असतो. दोन अँपिअर वाहताना त्यात जेमतेम ०.१ वॉट उष्णता होते, म्हणजे पाठीवर पत्रा लावण्याचीही गरज नाही.

दुसरी वस्तू घड्याळ. डीएस१३०७ हे जुने घड्याळ स्वस्त आहे. त्याचा बाहेरचा स्फटिक उष्णतेने सरकतो. लाखात दोनचा दोष म्हटला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटे होतात. डीएस३२३१ स्वतःचे तापमान मोजून चूक सुधारते, त्यामुळे ते वर्षाला मिनिटभराच्या आतबाहेर राहते. मात्र या घड्याळाच्या बाजारातील निळ्या मॉड्यूलमध्ये एक खोड आहे. त्यावर पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची वाट दिलेली असते आणि खोबणीत मात्र लोक साधा सीआर२०३२ सेल बसवतात. चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज ढकलली गेली की तो फुगण्याचा किंवा गळण्याचा धोका असतो. मॉड्यूलवरील २०० ओहमचा तो एक रेझिस्टर सोल्डरिंगच्या इस्त्रीने काढून टाकला की प्रश्न मिटतो. दोन मिनिटांचे हे काम बहुतेक जण करत नाहीत.

जोडणी

पट्टीचे धन टोक फ्यूजमधून थेट १२ व्होल्टला जाते. ऋण टोक मॉस्फेटच्या ड्रेनला आणि सोर्स अडॅप्टरच्या ऋणाला जोडायचा. नॅनोचा ग्राउंडही याच ऋणाला जोडला पाहिजे; तो विसरला की दिवे वाटेल तसे लुकलुकतात आणि दोष प्रोग्राममध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते. नॅनोच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांपासून दोन मॉस्फेटच्या गेटपर्यंत प्रत्येकी १५० ओहमचा रेझिस्टर घालावा. घड्याळाच्या दोन वायरी ए४ आणि ए५ या पिनांना येतात. बक कन्व्हर्टर जोडण्यापूर्वी त्याचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५ व्होल्ट पक्के करून घ्यावेत, कारण तो दुकानातून कोणत्याही व्होल्टेजवर लावलेला येऊ शकतो आणि नॅनोला १२ व्होल्ट मिळाले तर ती क्षणात निकामी होते.

आता दहा रुपयांच्याही आतल्या, पण साऱ्या नियंत्रकाची इभ्रत राखणाऱ्या वस्तूकडे वळू. प्रत्येक मॉस्फेटच्या गेटपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावायचा. नॅनो सुरू होताना किंवा तिचा प्रोग्राम बदलताना तिच्या पिना क्षणभर कोणतीच आज्ञा देत नाहीत. अशा वेळी मोकळे सुटलेले गेट आसपासच्या विजेने उघडू शकते आणि मध्यरात्री दिवा भपकन पेटू शकतो. १० किलोओहमचा रेझिस्टर त्याला खाली धरून ठेवतो. मोठ्या टाक्यांवर ३ वॉटचे एलईडी आणि त्यांचे स्थिर-प्रवाह ड्रायव्हर वापरतात, तेथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. मीनवेलच्या एलडीडी मालिकेतील ड्रायव्हरची मंदीकरणाची पिन मोकळी राहिली तर दिवे पूर्ण तेजाने लागतात. आज्ञा नाही म्हणजे पूर्ण उजेड, असा त्याचा अर्थ आहे आणि मत्स्यालयासाठी तो उलटा आहे.

उजेडाचा जिना

एलईडी मंद करण्यासाठी तिचा दाब कमी करत नाहीत. तिला सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करायला लावतात आणि उघडे राहण्याचा वेळ कमी-जास्त करतात. पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजेच पीडब्ल्यूएम, ते हेच. नॅनो नेहमीच्या पद्धतीने वापरली तर या उघडझापेचे ० ते २५५ असे २५६ टप्पे मिळतात. ऐकायला ते पुष्कळ वाटतात. पहाटेच्या अंधारात मात्र ते अपुरे पडतात, कारण १ वरून २ वर जाणे म्हणजे उजेड एकदम दुप्पट होणे. डोळ्याला हा धक्का स्पष्ट कळतो आणि सूर्योदयाऐवजी जिना चढल्यासारखा भास होतो.

दुसरी अडचण आपल्या डोळ्याची आहे. प्रत्यक्ष उजेड अठरा टक्क्यांच्या आसपास असतानाच तो आपल्याला निम्मा झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे आकडा सरळ रेषेत वाढवला तर पहिल्या दहा मिनिटांत लख्ख उजाडते आणि उरलेला वेळ काहीच घडत नसल्यासारखे दिसते. उपाय सोपा आहे: सूर्योदयाचा जेवढा भाग सरला असेल, त्या अपूर्णांकाचा २.२ वा घात घ्यायचा. तासाभराच्या सूर्योदयात अर्धा तास झाला असेल तर ०.५ चा २.२ वा घात सुमारे ०.२१८ येतो, २५५ पैकी ५५. आता मात्र पहिली अडचण आणखी टोचते. या वक्राने गेल्यास २५५ टप्प्यांच्या जिन्यावर तासातली पहिली जवळपास पाच मिनिटे दिवा शून्यावरच राहतो, मग एक धक्का आणि पावणेदोन मिनिटांनी दुसरा.

यातून सुटका ९ आणि १० या पिनांमध्येच आहे. त्यांच्यामागचा टायमर १६ बिटांचा आहे. त्याला १६,३८४ टप्प्यांवर लावले तर उघडझाप सेकंदाला सुमारे ९७६ वेळा होते आणि सुरुवातीचे धक्के डोळ्याला जाणवत नाहीत. यासाठी टायमरची नोंदस्थाने प्रोग्रामातून थेट भरावी लागतात. त्यात एक खोच आहे. या पद्धतीत शून्य आकडा दिला तरी प्रत्येक फेरीत एक अतिसूक्ष्म स्पंद बाहेर पडतोच. काही जोडण्यांत त्यामुळे रात्रभर अगदी फिकट उजेड उरतो. दिवा पूर्ण विझवायचा असेल तेव्हा ती पिन टायमरपासून तोडून शून्यावर धरण्याची आज्ञा वेगळी द्यावी.

कमाल उजेड किती ठेवायचा, हा प्रश्न उरतो. ट्यूबलाइटच्या काळातला 'गॅलनला इतके वॉट' हा हिशेब एलईडीला लागू पडत नाही, कारण त्याच वॉटमध्ये एलईडी बराच अधिक प्रकाश देते. वरच्या टाकीत चारही पट्ट्या पूर्ण तेजाने जाळण्याची गरज नाही. कमाल ६० टक्के धरावी. पट्ट्या थंड राहतात आणि त्यांचे आयुष्यही वाढते.

वीज जाते तेव्हा

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या अनेक गावा-शहरांनी दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. त्यातून बहुतांशी सुटलेल्या मुंबईतही १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडाने वीज गेली होती. दात्यांची चकती असलेला साधा यांत्रिक टायमर अशा वेळी जागच्या जागी थांबतो आणि वीज आल्यावर तेथूनच पुढे चालू लागतो. रोज दोन तास वीज गेली तर सहा दिवसांत त्याची रात्र भर दुपारी येते.

घरच्या नियंत्रकात ही चूक दुसऱ्या वाटेने शिरते. 'सुरू झाल्यापासून किती मिनिटे झाली' हे मोजून दिवा चढवणारा प्रोग्राम लिहिला, तर वीज येताक्षणी नवा सूर्योदय सुरू होतो, मग घड्याळात रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. म्हणून प्रोग्रामाने मागचे काही लक्षात ठेवूच नये. दर सेकंदाला घड्याळातली वेळ वाचावी, मध्यरात्रीपासून किती मिनिटे झाली ते काढावे आणि त्या मिनिटाला उजेड किती असायला हवा, एवढेच ठरवावे. दुपारी २ म्हणजे ८४०, रात्री १० म्हणजे १३२०. ८४० ते ९०० या दरम्यान चढण, १२६० ते १३२० या दरम्यान उतरण, मध्ये कमाल उजेड, इतर वेळी अंधार. वीज कधीही जावो आणि कधीही येवो, उत्तर बरोबरच येते. भर दिवसा वीज परत आली तर दिवा एकदम कमाल तेजाने न लागता पाच-सात मिनिटांत चढावा, एवढी भर घातली म्हणजे झाले. भारतात घड्याळ ऋतूनुसार पुढे-मागे करण्याची प्रथा नाही, ही या कामातली एक मोठी सोय म्हणावी लागेल.

घड्याळ लावण्याची आज्ञा हा आणखी एक सापळा. नमुन्याच्या अनेक प्रोग्रामांत नॅनो सुरू होताच 'प्रोग्राम संगणकावर तयार झाला ती वेळ' घड्याळात भरण्याची ओळ असते. पहिल्या दिवशी सारे ठीक दिसते. पहिल्यांदा वीज गेली की घड्याळ पुन्हा त्या जुन्या वेळेवर जाते आणि टाकीतला दिवस भरकटतो. वेळ एकदा भरल्यावर ती ओळ काढून प्रोग्राम पुन्हा चढवावा.

सेल संपला तर? डीएस३२३१ मध्ये आपण मध्ये थांबलो होतो, हे सांगणारी एक खूण असते. प्रोग्रामाने सुरू होताना ती तपासावी. खूण चढलेली असेल किंवा घड्याळाशी बोलणेच होत नसेल, तर दिवे बंद ठेवून पेटीवरचा लहान लाल एलईडी लुकलुकत ठेवावा. टाकी दोन-तीन दिवस अंधारात राहिल्याने माशांचे फारसे बिघडत नाही, रुळलेल्या वनस्पतीही तग धरतात; शेवाळ माजल्यावर तीन दिवसांचा अंधार हा तर हौशी लोकांचा जुना उपाय आहे. चोवीस तास पेटलेला दिवा मात्र शेवाळाला निमंत्रण देतो आणि माशांना विश्रांती मिळू देत नाही. प्रोग्राम अडकून पडला तर नॅनोला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर चिपमध्येच असतो. तो चालू करायला एक-दोन ओळी लागतात आणि त्या टाळू नयेत.

फिल्टर, हवेचा पंप आणि हीटर यांपैकी काहीही या नियंत्रकावर जोडू नये. दिव्याचा बिघाड सहन होतो, फिल्टरचा होत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. मे महिन्यात वीज गेली आणि टाकीत मासे दाटीने असतील तर पहिली निकड हवेची असते. घरात छोटा इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज हवेच्या पंपाला द्यावी. दिव्याविना मासे राहू शकतात.

पाणी आणि वीज यांमधले अंतर

पट्ट्यांमध्ये १२ व्होल्टच असतात, म्हणून निष्काळजी राहणे बरे नव्हे. अडॅप्टरच्या एका बाजूला २३० व्होल्ट आहेतच. एलईडीच्या पाट्यांसाठी विकला जाणारा जाळीदार पत्र्याचा वीजपुरवठा स्वस्त असला, तरी त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. टाकीजवळ तो ठेवू नये. अडॅप्टर आणि नियंत्रकाची पेटी पाण्याच्या पातळीखाली, टाकीच्या थेट खाली कधीही नसावी. बाजूला, भिंतीवर असावी. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्यापूर्वी सॉकेटच्या खाली एक झोळ घेऊन वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळते. घराच्या वीजमंडळावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर या प्रकल्पाचा पहिला खर्च तो असावा आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. टाकीत हात घालण्यापूर्वी टाकीची सर्व उपकरणे सॉकेटवरून बंद करण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावावी.

पट्ट्या चिकटवण्याच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. त्यांच्या पाठीचा चिकट कागद टाकीवरच्या दमट हवेत काही महिन्यांत सुटतो आणि पट्टी पाण्यात पडते. पट्टीत तांबे असते. कोळंबी आणि गोगलगाईंना पाण्यात उतरलेले थोडे तांबेही जीवघेणे ठरते. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून क्लिपांनी आवळावी आणि दिवे व पाणी यांच्यामध्ये काचेचे किंवा ॲक्रिलिकचे झाकण ठेवावे. ॲल्युमिनियम उष्णताही वाहून नेते. सोल्डरचे सांधे सिलिकोनने झाकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वापरू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते तांब्याच्या वाटा खाते. काच जोडायला ते उत्तम; सर्किटसाठी न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी मागावी.

टाकीवर चढवण्यापूर्वी

नियंत्रक आधी टेबलावर चालवावा. प्रोग्रामात तात्पुरता बदल करून सेकंदाला सहा मिनिटे पुढे नेली तर चोवीस तासांचा दिवस चार मिनिटांत डोळ्यांसमोरून जातो आणि चढण-उतरणीतले धक्के तेथल्या तेथे कळतात. मग खऱ्या वेळेवर आठवडाभर ठेवून दिवसातून दोन-तीनदा, वेळ-अवेळ, प्लग काढून पुन्हा लावावा. घड्याळाचा सेल मुद्दाम काढून प्लग घालावा आणि लाल एलईडी लुकलुकते का ते पाहावे. या आठवड्यात मॉस्फेट, अडॅप्टर आणि बक कन्व्हर्टरला अधूनमधून हात लावून पाहावा. हात ठेववत नाही इतके काही तापत असेल तर जोडणीत कोठेतरी चूक आहे.

टाकीवर बसवल्यावर पहिले दोन आठवडे कमाल उजेड ३० टक्के आणि दिवस ६ तासांचा ठेवावा. मग दर आठवड्याला दहा टक्के वाढवत न्यावे. काचेवर हिरवे ठिपके लवकर दिसू लागले तर एक पायरी मागे यावे. दर वेळी उजेड किंवा तास यांपैकी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे परिणाम कशाचा हे कळते. चांदण्याचा म्हणून निळा दिवा रात्रभर लावण्याची हौस अनेकांना असते. दिवा मावळल्यावर तासभर तो ठेवायला हरकत नाही. त्यानंतर माशांना खरा अंधार हवा असतो.

शेवटी ते बटण. रात्री उशिरा एखादा मासा आजारी दिसला, टाकी धुवायची असली किंवा पाहुण्यांना मासे दाखवायचे असले, तर घरातल्या कोणालाही दिवा लावता यायला हवा. अन्यथा कोणीतरी नियंत्रकाचा प्लगच काढून टाकते. म्हणून पेटीवर एक बटण असावे. ते दाबले की दिवा दोन मिनिटांत हळूहळू अर्ध्या तेजापर्यंत चढावा आणि तीस मिनिटांनी, कोणी लक्षात ठेवले नाही तरी, आपोआप घड्याळाच्या वेळापत्रकावर परतावा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दिवसाच्या वेळा, सेल बदलल्याची तारीख आणि कोणती वायर कोठे जाते याचे एक हाताने काढलेले चित्र चिकटवून ठेवावे.